तांब्याच्या रेषा आणि मावळची ओल

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. पण तिथल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसांत फॉगर लावून ओल मुद्दाम राखलेली असते. फॉगर आणि ठिबकाच्या वेळा सांभाळणाऱ्या पेटीत एक हिरवी पाटी असते, पीसीबी. ती बंद पडली की मेकॅनिक सांगतो, "पाणी लागलं." माझ्या मते हे निदान अर्धेच. पाणी शेवटी येते. त्याची वाट बहुतेकदा आराखड्यातच करून ठेवलेली असते.

ही मुळात छपाईच्या वळणाची विद्या. व्हिएन्नाच्या पॉल आयस्लरने १९३६च्या सुमारास लंडनमध्ये छापील मंडलाचा रेडिओ करून दाखवला. आजही हव्या त्या रेषा झाकून उरलेले तांबे रसायनाने खाऊन काढतात. तांब्याचा थर सहसा ३५ मायक्रॉन, खाली इपॉक्सीत मुरवलेले काचधाग्याचे कापड. पुस्तकात रंग किंचित सरकला तर वाचक चालवून घेतो. इथे छिद्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने सरकले, तरी त्याभोवतीचे तांब्याचे कडे तुटू शकते. पडद्यावर छिद्र नेमके मध्यावर दिसते. कारखान्यातला ड्रिल तसा वागत नाही. म्हणून कडे मुळातच रुंद आखायचे.

आता ओलीकडे. इपॉक्सी ओल शोषून घेते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली पाटी सोल्डरच्या भट्टीत गेली, की २४० अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. त्यासाठी पाट्या आधी काही तास मंद आचेवर वाळवतात. हे निदान डोळ्यांना दिसते तरी. दुसरी खोडी अधिक लबाड आहे. सोल्डर करताना राहिलेला फ्लक्सचा अंश, शेजारच्या दोन रेषांतला व्होल्टेजचा फरक आणि वर दमट हवेचा पातळ थर एकत्र आले, की एका रेषेतला धातू विरघळून दुसरीकडे निघतो. तिथे नेच्याच्या पानासारखी फांदी फुटते आणि ती उलट वाढत येते. टोक पहिल्या रेषेला भिडले की शॉर्ट. पुष्कळदा ती नाजूक फांदी त्या झटक्यातच जळून जाते. मग दुकानात पेटी ठणठणीत चालते, शेतावर पुन्हा बंद! मेकॅनिकला खोटे ठरवू नये; त्याच्यासमोर पुरावाच उरलेला नसतो.

यावर सर्रास उपाय म्हणजे वरून वार्निश मारणे. फ्लक्स न धुता मारलेले वार्निश घाण आतच कोंडते. त्याहून मोलाचे काम आराखड्यात होते: २३० व्होल्टच्या आणि ५ व्होल्टच्या रेषा लांब ठेवणे, जागा नसेल तर मधली पाटीच कापून खाच करणे.

शेवटचा मुद्दा कोणी फारसा सांगत नाही. पाट्या एका मोठ्या तक्त्यावर तयार करून मग मोडून सुट्या करतात. मोडण्याच्या रेषेलगत आडवा बसवलेला सिरॅमिक कपॅसिटर त्या वाकण्याने आतून तडकतो. तपासणीत तो पास होतो, महिनोन्महिने चालतो. मग तडीत ओल शिरते, आणि व्हॅलेंटाइनआधीच्या ऐन तोडणीत फॉगर थांबतो. कपॅसिटर रेषेपासून चार-पाच मिलिमीटर आत घेऊन तिला समांतर बसवला, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. त्याला एक पैसा जास्त लागत नाही. लागतो तो आखणाऱ्याने मोडणाऱ्या हातांचा विचार करण्याचा वेळ.