मान वर, नजर बाहेर

१ मे १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. तोवर गोंदियाजवळच्या बिरसी गावची धावपट्टी भंडारा जिल्ह्यातच मोडायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती धानपट्ट्यात बांधली. त्याच युद्धात लढाऊ विमानांत वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर नेम धरायला प्रकाशाचं वर्तुळ उमटू लागलं होतं. आजचा हेड-अप डिस्प्ले, वैमानिकांच्या बोलीतला ‘हड’, हा त्या वर्तुळाचाच वंशज.

पुढे १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ब्रिटिश ‘बकॅनियर’पासून तो लढाऊ विमानांत रुजला. आपल्या ‘तेजस’साठी तो चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने घडवला. प्रवासी विमानांत मात्र तो हळूहळू आला. अलास्का एअरलाइन्सने १९८९ मध्ये त्याच्या आधाराने दाट धुक्यात, हाताने विमान उतरवलं. एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७८७ सप्टेंबर २०१२ मध्ये आलं, त्यात दोन्ही वैमानिकांसमोर हड होता.

त्याचं मोल समजायला हिवाळ्यातली वैनगंगेकाठची धुक्याची पहाट आठवावी. उतरताना जेट विमान सेकंदाला सुमारे सत्तर मीटर कापतं. वैमानिक खालच्या तबकड्या पाहून मान वर करतो. जवळचं पाहणाऱ्या डोळ्यांना दूरचं दिसायला एक क्षण लागतो, आणि त्या क्षणात धावपट्टीचा मोठा तुकडा मागे पडतो. हडमध्ये वेग, उंची, क्षितिज समोरच्या पारदर्शक काचेवर दिसतं, आणि भिंगांमुळे ते दूरवर असल्यासारखं भासतं. डोळ्यांना जवळ-दूर करावं लागत नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यातलं छोटंसं चिन्ह. विमानाचं नाक कुठे रोखलंय हे ते सांगत नाही, विमान प्रत्यक्षात कुठे चाललंय ते दाखवतं. आडव्या वाऱ्यात हा फरक जीव वाचवणारा ठरतो.

तरीही सावध राहावंच लागतं. नासाच्या सिम्युलेटरवरच्या प्रयोगात काही वैमानिक काचेवरच्या खुणांत इतके गुंतले, की धावपट्टीवर आलेलं दुसरं विमान त्यांना दिसलंच नाही.

बिरसीला आता वैमानिक घडतात. तिथल्या छोट्या डायमंड विमानांत पडदे आहेत, हड नाही. अशा शिक्षणात विद्यार्थ्याच्या कपाळावर झापड बांधतात आणि केवळ उपकरणांवर विमान खाली आणायला लावतात. ठरलेल्या उंचीवर शिक्षक झापड काढायला सांगतात. विद्यार्थी मान वर करतो आणि समोर धावपट्टी शोधू लागतो.