गाडी सुरू करण्यापूर्वी

पेणहून रोह्यास मोटारीने जावयाचे म्हणजे वडखळ ओलांडून नागोठण्याहून भिसे खिंडीचा रस्ता धरावयाचा, अथवा महामार्गानेच सुकेळी खिंड पार करून कोलाड येथे उजवीकडे वळावयाचे. दोन्ही वाटांवर चढउतार व वळणे आहेत, आणि पावसाळ्यात कोकणातील रस्ता किती निसरडा होतो हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. अशा रस्त्यावर नवशिक्या चालकाचे लक्ष स्टिअरिंग, क्लच व गिअर यांतच गुंतलेले असते. त्याची परीक्षा मात्र गाडी उभी असतानाच सुरू झालेली असते.

हे केवळ बोलण्यापुरते नव्हे. चालकाच्या चाचणीत काय पाहावे हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १५ मध्ये सांगितले आहे. त्यातील पहिली बाब मागील दृश्य दाखविणारा आरसा नीट लावणे ही असून, दुसरी इंजिन सुरू करण्यापूर्वी योग्य ती खबरदारी घेणे ही आहे. गाडी हलविण्याचा उल्लेख त्यानंतर येतो. शब्द थोडे आहेत. पण त्यांत मावणारे काम बरेच आहे. शिकवणीची गाडी पुष्कळदा दारात चालू स्थितीतच येऊन उभी राहते, शिकणारा थेट आत बसतो, आणि हा पहिला पाठ राहून जातो.

प्रथम गाडीभोवती एक फेरी मारावी. आपल्याकडे गाडी बहुधा अंगणात किंवा आळीत उभी असते व तेथेच मुले खेळतात. गाडीच्या मागे लगत बसलेले लहान मूल चालकाच्या आसनावरून अजिबात दिसत नाही. आरसाही ते दाखवीत नाही. केवळ या एका कारणासाठीही ती फेरी आवश्यक ठरते. त्याच फेरीत टायर पाहावेत. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. नक्षी झिजली की खाचांतून पाणी बाहेर जात नाही, रस्ता व रबर यांमध्ये पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक दाबूनही गाडी सरकत जाते. हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. तो किती असावा हे बहुधा चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर लिहिलेले असते. दिवे व काचा यांवरील चिखल पुसावा. तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून पाहावी. रेडिएटरचे झाकण इंजिन तापलेले असताना कदापि उघडू नये.

आत बसल्यावर क्रम महत्त्वाचा आहे. आधी आसन, मग आरसे, मग पट्टा. आरसे लावून नंतर आसन सरकविल्यास आरसे पुन्हा चुकतात. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. पायांशी पाण्याची बाटली ठेवू नये. ती घरंगळत ब्रेकखाली गेल्यास ब्रेक दाबलाच जात नाही. ओल्या रबरी चपला घालूनही गाडी चालवू नये.

त्यानंतर हातब्रेक ओढलेला व गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. ब्रेकवर पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पायाखालील ब्रेक किंचित खाली गेला, तर त्यास इंजिनाचे साहाय्य मिळत आहे असे समजावे. तो ताठच राहिला किंवा दाबून धरला असता हळूहळू तळाशी जाऊ लागला, तर गाडी रस्त्यावर न नेता कारागिरास दाखवावी.

शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिन्यांची असते व ती मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर पक्क्या अनुज्ञप्तीची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगातील ‘एल’ हे अक्षर असावे लागते व शेजारी अनुज्ञप्तीधारक शिक्षक बसावा लागतो. गाडीभोवतीची फेरी घेताना हे अक्षर दोन्ही बाजूंस आहे ना, हेही पाहावे.

या तपासणीस सवय झाल्यावर पाच मिनिटेही लागत नाहीत आणि ती शिकविण्यास इंधन किंवा मोकळा रस्ता लागत नाही. शाळेच्या पटांगणात किंवा ग्रामपंचायतीसमोर उभ्या केलेल्या एकाच गाडीभोवती गावातील दहा-वीस तरुणांस हा पाठ देता येईल. ब्रेकची शेवटची परीक्षा तेवढी चालत्या गाडीतच होते. घरापासून निघाल्यावर, मागे कोणी नाही असे पाहून, मंद वेगात एकदा ब्रेक लावावा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावरही तसेच करावे, आणि तेही खिंडीचा उतार लागण्यापूर्वी.