परदेशी जाणारा कारागीर आणि त्याचे कागद

आमच्या वकिलीच्या कचेरीत येणारे पक्षकार बहुधा जमिनीच्या वाटणीचे, भाडेकरूंचे किंवा न वटलेल्या चेकांचे असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांत एका नव्या वर्गाची भर पडली आहे. हा मनुष्य एकटा येत नाही. बरोबर विशीतला मुलगा असतो, आणि हातातील पिशवीत जपून ठेवलेले कागद असतात. अलीकडेच सातारा जिल्ह्यातील एक बागाईतदार असे आमच्याकडे आले. मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. त्यास जर्मनीत नोकरी लावून देतो असे सांगून एका एजंटाने त्यांजकडून चार लाख रुपये घेतले. ते उभे करण्यासाठी वीस गुंठे जमीन गहाण पडली व घरातील सोने बँकेत गेले. त्यास चौदा महिने झाले. आम्ही कागद मागितले. पिशवीतून एक पावती निघाली, तीवर 'नोंदणी व प्रक्रिया शुल्क' एवढाच मजकूर. आणि एक रंगीत छापील पत्र निघाले, ज्यावर कारखान्याचे नाव होते, पण गाव, पगार, कामाचे स्वरूप आणि सही यांपैकी काहीही नव्हते. मुलास आम्ही विचारले, "बाळ, तू तिकडे कोणते काम करणार होतास?" त्याने वडिलांकडे पाहिले, आणि वडिलांनी आमच्याकडे पाहिले.

हेच गृहस्थ आपली हळद सांगलीच्या पेठेत पाठवितात, तेव्हा अडत्याची पट्टी आली की अडत, तोलाई, हमाली यांची पै न् पै पडताळून पाहतात. पोत्यामागे दहा रुपये जास्त कापले गेले तर त्यांस झोप येत नाही. मग पोटचा मुलगा सात समुद्रांपलीकडे पाठविताना त्यांची ही व्यवहारबुद्धी कोठे गेली? आमचे उत्तर असे की, ती गेली नाही; तिला विचारावयाचे प्रश्नच ठाऊक नव्हते. ते प्रश्न आमच्या शहरांतील व्यापारी व सुशिक्षित मंडळींनी शिकून घ्यावेत आणि आपल्या आळीतील, आपल्या दुकानातील मुलांस शिकवावेत, म्हणून हा लेख.

कागद न वाचता समुद्र ओलांडण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून मजूर जाऊ लागले, त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठविणाऱ्यास त्या करारात काय लिहिले आहे हे सांगणारा कोणी नव्हता. ना. गोखले यांनी १९१२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात ही पद्धत समूळ बंद करण्याचा ठराव आणला. सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला, आणि ही भरती थांबण्यास १९१७ साल उजाडावे लागले. त्या वेळचा मजूर उपाशी होता, निरक्षर होता. आजचा आमचा मुलगा शिकलेला आहे, हातात कसब आहे, आणि समोरचा देश त्याला बोलावीत आहे. सौद्यात ज्याच्या मालाला मागणी असते त्याने अटी घालावयाच्या असतात. आमचा मुलगा मात्र आपल्याच मालाबरोबर वर चार लाख रुपये देऊन येतो!

मागणी खरी आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. जर्मनीत म्हातारी माणसे वाढली, कामकरी कमी झाले. तेथील रोजगार-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे कामकऱ्यांची संख्या टिकवावयाची तर जाणारे वजा करून दरसाल सुमारे चार लाख माणसे बाहेरून यावी लागतील. म्हणून १ मार्च २०२० पासून त्या देशाने कुशल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा लागू केला व २०२३-२४ मध्ये तो आणखी सैल केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी करार करून दहा हजार तरुणांस भाषा शिकवून तेथे पाठविण्याचा संकल्प सोडला. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी आहे, तेव्हा ओळख जुनी आहे.

परंतु मागणी आहे म्हणजे हव्या त्या मनुष्यास हवे ते काम मिळेल असे नव्हे. ज्या स्टुटगार्टच्या परिसराकडे आमची मुले डोळे लावून बसली आहेत, तेथेच मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या मोठ्या कारखान्यांनी नोकरकपात जाहीर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतील बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली. रुग्णालये व वृद्धाश्रम यांना परिचारिका हव्यात, बांधकामास व वीजकामास हात हवेत, आणि तरीही मोटारीच्या कारखान्याच्या फाटकावर पाटी उलटी लागलेली असते. एजंट हा भेद सांगत नाही. त्याच्या लेखी जर्मनी म्हणजे एकच मोठे दुकान.

आता मुख्य गोष्ट. त्या देशात मनुष्यापेक्षा त्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा आधी होते. आमचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत तयार होतो. त्यांचा साडेतीन वर्षांत होतो, आणि त्यांतील बराच काळ तो प्रत्यक्ष कारखान्यात असतो. म्हणून आपले प्रमाणपत्र त्यांच्या प्रमाणपत्राशी किती जुळते हे तेथील अधिकृत संस्था तपासते व पूर्ण, अपुरी किंवा शून्य अशी मान्यता देते. या तपासणीचा अर्ज येथूनच करता येतो. कारागिरीच्या धंद्यांसाठी तिचे शुल्क साधारणपणे १०० ते ६०० युरो असते. अपुरी मान्यता मिळाली तरी दार बंद होत नाही. उणीव कोणती ते लेखी कळते, आणि ती भरून काढण्यासाठी तेथे जाऊन काम करीत शिकण्याचा वेगळा व्हिसा आहे. डॉक्टर व परिचारिका यांच्यासारख्या नियंत्रित व्यवसायांत तर पूर्ण मान्यतेवाचून त्या पदावर काम करताच येत नाही. ज्यांच्या व्यवसायास असे नियंत्रण नाही, त्यांना येथे मान्य असलेले शिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेवरील पगाराचा करार असल्यास मान्यतेशिवायही वाट आहे. पण त्या वाटेवरही अनुभवाचा दाखला लागतोच. आणि आमच्याकडे? पाच-पाच वर्षे वायरमनचे काम केलेल्या मुलाजवळ मालकाच्या सहीचा एक कागद नसतो! आमच्या व्यापारी व कारखानदार वाचकांस आमची विनंती आहे की, आपल्याकडील माणसास नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी व सोडताना कामाचा तपशीलवार दाखला देत जावे. भविष्यनिर्वाह निधी चुकविण्यासाठी ज्याचे नाव हजेरीपटावर घेतले नाही, त्याचे आयुष्यातील एक दार आपण बंद केले असे समजावे.

भाषेची गोष्टही अशीच. परिचारिकेस जाण्यापूर्वी बहुधा बी-१ व पूर्ण मान्यतेसाठी बी-२ ही पायरी गाठावी लागते. तीन महिन्यांत जर्मन शिकवून देतो म्हणणारा आणि तीन महिन्यांत संस्कृत पंडित करतो म्हणणारा हे दोघे आमच्या मते सारखेच. मुळाक्षरापासून बी-१ पर्यंत नेटाने शिकणाऱ्यासही आठ-दहा महिने सहज लागतात. या बाबतीत मुंबई-पुण्याच्या मुलास माक्स म्युलर भवन जवळ आहे. परभणीच्या मुलाने काय करावे?

सध्या बाजारात सर्वांत जोराने खपणारा माल म्हणजे १ जून २०२४ पासून सुरू झालेले 'संधी-कार्ड'. एजंट त्यास सरळ 'जॉब कार्ड' म्हणून विकतात. वस्तुतः ते नोकरी नव्हे, नोकरी शोधण्याचा एक वर्षाचा परवाना आहे. त्यासाठी शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे मिळून किमान सहा गुण लागतात. त्याखेरीज आपले पोट आपण भरू शकतो हे दाखवावे लागते. २०२५ साली त्याचे मान दरमहा १,०९१ युरो होते, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांवर युरो. आठवड्यास वीस तास अर्धवेळ काम करण्याची मुभा असते. ज्याच्या घरी बारा-तेरा लाख रुपये मोकळे पडले आहेत त्याने खुशाल प्रयोग करावा. कर्ज काढून नोकरी शोधावयास जाणे हा मात्र प्रयोग नव्हे, जुगार आहे. कारण वर्ष संपते, आणि व्याज संपत नाही.

पगाराच्या आकड्याविषयी व्यापाऱ्यांस अधिक सांगणे नलगे. ढोबळ विक्री म्हणजे नफा नव्हे हे त्यांस ठाऊक आहे. जर्मनीत कर, निवृत्तिवेतन, आरोग्य, बेकारी व शुश्रूषा यांचे विमे वजा जाता एकट्या कारागिराच्या हाती ढोबळ पगाराच्या दोन तृतीयांशांच्या आसपास रक्कम पडते, आणि त्यातून घरभाडे जाते. एजंट ढोबळ आकड्यास शंभराने गुणतो व वडिलांस दाखवितो. शिवाय जर्मनीतील भारतीय नोकरदारांचा मधला पगार खुद्द जर्मनांहून अधिक आहे, ही खरी असलेली बातमीही तो दाखवितो. ते पगार बहुतांशी संगणक व अभियांत्रिकीतील पदवीधरांचे आहेत, हे तेवढे सांगत नाही.

मग कायदा काय करतो? १९८३ च्या स्थलांतर कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटास सरकारी नोंदणी आवश्यक केली. अशा एजंटास उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते, व त्याची पावती द्यावी लागते; त्याची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर कोणासही घरबसल्या पाहता येते. आमच्या बागाईतदार पक्षकारांच्या एजंटाचे नाव आम्ही तेथे शोधले. नव्हते. तो स्वतःस 'सल्लागार' म्हणवितो. भरती करीतच नाही असे म्हणतो. आणि कायदा मोडणाऱ्यास शिक्षा किती? दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत! चार लाख घेणाऱ्यास दोन हजारांचा धाक! १९८३ साली लिहिलेला हा आकडा चार दशके तसाच राहिला. नव्या कायद्याचे मसुदे २०१९ साली आले, २०२१ साली आले, २०२५ साली पुन्हा आले. शिवाय स्थलांतराची पूर्वपरवानगी ही मुख्यत्वे दहावीपेक्षा कमी शिकलेल्यांस व अठराच देशांसाठी लागू केलेली. जर्मनीस जाणारा दहावी उत्तीर्ण मुलगा त्या चौकशीतून मोकळाच सुटतो. शिकलेल्यास फसविता येत नाही, अशी कायद्याची समजूत दिसते. आमच्या कचेरीतील अनुभव उलट आहे.

केरळाकडे पाहावे. परदेशी नोकऱ्यांसाठी त्या राज्याने १९७७ साली आपले महामंडळ काढले. पुढे 'नोर्का रूट्स' ही संस्था उभी राहिली. २०२१ च्या अखेरीस तिने जर्मनीच्या रोजगार खात्याशी करार केला, व परिचारिकांस भाषेच्या शिक्षणाचा खर्च न पडता तेथील रुग्णालयांत नेमणुका मिळू लागल्या. भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने सोसावा, नोकरी घेणाऱ्याने नव्हे, हे तत्त्व परिचारिकांच्या बाबतीत जर्मनीनेच 'सचोटीच्या भरती'च्या सरकारी मुद्रेसाठी मान्य केले आहे. आमच्याकडील किती बापांस हे ठाऊक आहे? आणि ठाऊक असले तरी मुलीस परिचारिका करून परदेशी धाडण्यास किती घरे तयार होतील? मुलगा एजंटामार्फत गेला तरी चालेल, मुलगी सरकारी करारावर गेली तरी चालणार नाही, हा न्याय आम्हांस समजत नाही.

या बाबतीत दोष आमच्या समाजाचाही आहे. पूर्वी समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता समुद्र न ओलांडता परत आलेल्यास ते घ्यावे लागते. मुलगा 'जर्मनीला चालला' असे एकदा गावात झाले, पेढे वाटले गेले, लग्नाच्या बाजारात त्याचा भाव चढला, की मग फसवणूक झाली हे तोंडातून निघत नाही. आमचे पक्षकार चौदा महिन्यांनी आले, त्यांतील दहा महिने केवळ लाजेने गेले. तेवढ्या अवधीत त्या एजंटाने कचेरीचा पत्ता बदलला. फसविला गेलेला मनुष्य गप्प राहतो, हेच या धंद्याचे भांडवल.

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये एक टेबल असावे, तेथे परदेशी पत्र वाचून ते खरे की खोटे सांगणारा, मान्यतेचा अर्ज भरून देणारा व नोंदणीकृत एजंटांची यादी भिंतीवर लावणारा एक जबाबदार मनुष्य बसावा. जर्मन भाषेचे वर्ग मराठवाड्यात व विदर्भात निघावेत. ते होईपर्यंत आपल्या वाचकांनी एवढे पाळावे: मालकाच्या सहीचा, गाव, काम, तास व पगार लिहिलेला करार हाती पडल्याखेरीज जमीन गहाण टाकू नये. जर्मन व्हिसाचे सरकारी शुल्क पंचाहत्तर युरो आहे. बाकीची प्रत्येक रक्कम कशाची, ती कोणास, हे विचारण्यात संकोच कसला?

त्या बागाईतदारांची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आम्ही लिहून दिली आहे. पैसे परत मिळतील की नाही, हे सांगता येत नाही. मुलगा सध्या चाकणच्या एका कारखान्यात कामास आहे व रविवारी पुण्यास जर्मनच्या वर्गास जातो. त्याने या वेळी कारखान्यातून नेमणुकीचे पत्र मागून घेतले. वीस गुंठ्यांचे गहाणखत मात्र अजून फिटलेले नाही.