पोटापलीकडचा रोजा

२०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना रोजेदार दुपारच्या नमाजासाठी मशिदीच्या हौदापाशी वजू करायला बसत. वजू म्हणजे नमाजापूर्वी हात-पाय, तोंड धुणं. त्यात चूळही भरतात. पहाटेपासून घशाला कोरड, तोंडात गार पाणी. एक घोट आत गेला तर शेजारच्याला पत्ताही लागणार नाही. तरी पाणी थुंकलं जातं. रोज्याचं मर्म कळायला ही चूळ पुरेशी आहे. नमाज चारचौघांत पढली जाते, जकात घेणाऱ्याला तरी ठाऊक असते, हजला कोण निघालं हे गावभर होतं. रोजा शाबूत आहे की नाही, हे मात्र धरणाराच जाणतो आणि त्याचा ईश्वर.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, इसवी सन ६२४ च्या सुमारास, मदिनेत रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत तो आदेश आहे आणि त्याचा हेतूही तिथेच दिला आहे : तकवा. ईश्वर पाहतो आहे ही जाणीव ठेवून वाइटापासून स्वतःला राखणं, असा त्याचा आशय. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची वेळ सुरू झाल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी, विडी-तंबाखू, शरीरसंबंध सगळं बंद. यातलं अन्न-पाणी आणि पती-पत्नीचा सहवास एरवी हलालच आहे. जे हक्काचं आहे ते काही तास बाजूला ठेवता आलं, तर जे हक्काचं नाही त्याकडे वळणारा हातही आवरता येईल, असा हा विचार.

म्हणूनच उपाशी राहणं ही केवळ सुरुवात ठरते. जो खोटं बोलणं आणि खोटं वागणं सोडत नाही, त्याने खाणं-पिणं सोडावं याची ईश्वराला गरज नाही, अशा अर्थाची एक हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आहे. कुणी शिवीगाळ करत, भांडायला अंगावर आलं, तर रोजेदाराने आपण रोज्यात असल्याचं सांगावं, असंही प्रेषित मुहम्मदांनी शिकवलं. आधीच भुकेने माणूस चिडचिडा होतो. नेमक्या त्या वेळी जीभ आवरायची. कसोटी साधी नाही.

या बाजूचा सर्वांत बारकाईने विचार केला तो इमाम गझालींनी. इराणमधल्या तूस इथे १०५८ मध्ये जन्मलेले गझाली बगदादच्या नामांकित निजामिया मदरशात शिकवत होते. १०९५ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, त्यांनी ते पद सोडलं. त्या पांडित्यात ईश्वरापेक्षा आपली प्रतिष्ठाच मोठी झाली आहे, असं त्यांना वाटू लागलं होतं. पुढे लिहिलेल्या ‘इह्या उलूम अद्-दीन’ या ग्रंथात रोज्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ते रोज्याच्या तीन पायऱ्या सांगतात. पहिली पोटाची आणि वासनेची. दुसरी सगळ्या इंद्रियांची : डोळ्यांनी वाईट पाहू नये, कानांनी निंदा ऐकू नये, जिभेने चहाडी करू नये, हातापायांनी कुणाचं वाईट करू नये. तिसरी मनाची, तिथे ईश्वराशिवाय दुसरा विचारही उरत नाही, आणि तिथवर फार थोडे पोहोचतात.

गझालींचं सर्वांत टोकदार निरीक्षण संध्याकाळच्या ताटाबद्दल आहे. लोक रमजानसाठी खास पदार्थ साठवतात आणि एरवी कित्येक महिन्यांत खाणार नाहीत इतकं त्या एका महिन्यात खातात, अशी त्यांची तक्रार. दिवसभर भूक तापवायची आणि रात्री तिला दुप्पट चारायचं, यातून वासना दुबळी कशी होणार? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीभोवती रमजानच्या रात्री कबाब आणि मालपुव्यांची जी झुंबड उडते तिच्यात आनंद खराच आहे, पण गझाली तिथून जाताना थबकले असते.

शरीराला छळणं हा मात्र रोज्याचा उद्देश नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणानेच सूट दिली आहे. त्यांनी सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. जुलै २०१२ मध्ये ओव्हलच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३११ धावा केल्या, तेव्हा रमजान नुकताच सुरू झाला होता. आपण प्रवासात असल्याने रोजे धरलेले नाहीत, घरी गेल्यावर ते पूर्ण करू, असं त्याने सरळ सांगितलं. ४ मार्च २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या उपांत्य सामन्यात, रमजान चालू असताना, भारताचा मोहम्मद शमी पेय पिताना दिसला. त्यावर एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. इतर अनेकांनी प्रवाशाच्या सवलतीची आठवण करून दिली. हे दुसरं मतच कुराणाला धरून आहे. शिवाय दुसऱ्याचा रोजा मोजत बसणं हे रोज्याच्या मूळ स्वभावातच बसत नाही.

रोज्याचा हिशेब शेवटी दुसऱ्याच्या भुकेपाशी येतो. ज्याला वयामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजा झेपणारच नाही, त्याने दर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येकाच्या, अगदी तान्ह्या बाळाच्याही नावाने फितरा, म्हणजे ईदचं दान, द्यायचा, म्हणजे सणाच्या दिवशी कुणावर हात पसरायची पाळी येऊ नये. जाणूनबुजून रोजा मोडणाऱ्याचं प्रायश्चित्त मोठं : गुलाम मुक्त करा, नाहीतर सलग दोन महिने रोजे धरा, तेही जमत नसेल तर साठ गरिबांना जेवण द्या. कोणत्या चुकीला ते लागू होतं याबद्दल कोकणातले शाफई आणि बाकी महाराष्ट्रातले बहुसंख्य हनफी या दोन धर्मशास्त्रीय परंपरांची मतं वेगळी आहेत.

या प्रायश्चित्तामागे एक प्रसंग आहे. एक माणूस घाबराघुबरा होऊन प्रेषितांकडे आला. माझा घात झाला, म्हणाला. रमजानात दिवसाच बायकोजवळ गेलो. गुलाम मुक्त करू शकशील? नाही. सलग दोन महिने रोजे? नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तेवढ्यात कुणीतरी खजुरांची करंडी घेऊन आलं. प्रेषितांनी ती त्याला दिली आणि गरिबांना वाटायला सांगितलं. तो म्हणाला, माझ्याहून गरीब कोणाला वाटू? या अख्ख्या मदिनेत माझ्या घराइतकं गरजू घर नाही. प्रेषित दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, मग घरच्यांनाच खाऊ घाल. त्या माणसाचं प्रायश्चित्त माफ झालं, की ऐपत येईपर्यंत पुढे ढकललं गेलं, यावर धर्मशास्त्राच्या पंडितांनी शतकानुशतकं वाद घातला आहे.