‘जंगल’ म्हणजे नक्की काय?

वनशास्त्राचे बहुभाषिक कोश हा माझा आवडता विषय. साध्या कोशात शब्दाला शब्द मिळतो. इथे आधी संकल्पनेची व्याख्या पक्की करतात आणि मग प्रत्येक भाषेतला शब्द तिच्याशी जोडतात. अन्न व कृषी संघटना आणि १८९२ साली स्थापन झालेली वनसंशोधन संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून हे काम हाती घेतलं. फोर्ड-रॉबर्टसन यांनी संपादित केलेला इंग्रजी खंड १९७१ मध्ये आला, या बहुभाषिक मालेतला तो पहिला.

एवढा खटाटोप का? आपलं ‘जंगल’च बघा. आयुर्वेदात ‘जांगल देश’ म्हणजे कमी पावसाचा, विरळ झाडांचा कोरडा मुलूख. तोच शब्द इंग्रजीत गेला आणि आज त्याने घनदाट, दमट अरण्य डोळ्यांसमोर येतं!

मोजणीतही तेच. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्धा हेक्टर क्षेत्र पुरतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादनाला किमान १ हेक्टर लागतं. वृक्षछत्राची १० टक्क्यांची अट मात्र दोघांचीही.

आणि आपली ‘देवराई’? तिला नुसतं ‘राखीव वन’ म्हटलं, तर त्यातला देव आणि त्याला मानणारं गाव दोन्ही गळून पडतात. असा शब्द कोशात जसाच्या तसा ठेवून खाली व्याख्या द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या भागात राईला काय म्हणतात?