गोठ्यातला दिवा आणि सात मिनिटांचे भाषण

केनियातील नैरोबी राष्ट्रीय उद्यानाची दक्षिण सीमा कुंपणाविना मोकळी आहे. तेथून झेब्रे बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग सिंह कितेंगेला परिसरातील गोठ्यांपर्यंत येतात. मसाई समाजात वडिलांची गुरे सांभाळण्याचे काम सहा ते नऊ वर्षांच्या मुलांकडे असते. रिचर्ड तुरेरे या मुलाकडेही ते आले. एका सकाळी त्याला घरचा एकुलता एक वळू सिंहाने मारलेला दिसला. असे घडले की सूड म्हणून सिंहही मारले जात. गुरे वाचावीत म्हणून रिचर्डने अकराव्या वर्षी जे केले, तेच पुढे त्याच्या भाषणाचा विषय झाले.

आरंभी त्याने आग पेटवून पाहिली. तिच्या उजेडात सिंहांना गोठाच अधिक स्पष्ट दिसू लागला. मग बुजगावणे उभे केले. पहिल्या रात्री सिंह परतले. दुसऱ्या रात्री, हे जागचे हलत नाही, हे त्यांनी ओळखले. एका रात्री तो विजेरी घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला, तेव्हा सिंह आले नाहीत. हलत्या उजेडाला ते भितात, हे त्याला उमगले. आईचा नवा रेडिओ उघडून (आणि तिचा रोष ओढवून) मिळवलेले ज्ञान आता कामी आले. जुन्या मोटारीची बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा संच, मोडक्या विजेऱ्यांतील दिवे आणि एक सौर पट्टी, एवढ्या सामग्रीतून आळीपाळीने उघडझाप करणारे दिवे त्याने गोठ्याभोवती लावले. मुलगा अंथरुणात झोपलेला असे. सिंहांना मात्र वाटे, कोणी पहारा देत आहे. शेजारच्या एका आजीबाईंनीही ते मागून घेतले. अशा सात घरी ते बसले.

टेड या व्याख्यानमालेचे सूत्रधार ख्रिस अँडरसन नैरोबीत त्याला भेटले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. मुलगा अतिशय लाजरा. इंग्रजी अडखळत बोलणारा, आणि गडबडला की वाक्ये एकमेकांत गुंतणारा. कॅलिफोर्नियात सुमारे १४०० श्रोत्यांपुढे त्याचा निभाव कसा लागणार, ही शंका अँडरसन यांनाही आली. तरी निमंत्रण गेले.

पुढील काही महिने तयारीचे होते. ती भाषा सजवण्याची नव्हती. कोठून आरंभ करावा, कशामागून काय सांगावे, हेच मुख्यतः त्याच्यासोबत बसून ठरवले गेले. दिव्यांमुळे त्याला केनियातील एका नामवंत शाळेत शिष्यवृत्ती मिळाली होती. तेथे प्रत्यक्ष श्रोत्यांपुढे त्याने अनेकदा सराव केला. घरच्या खोलीतील सरावापेक्षा असा सराव निराळाच, कारण समोरचा माणूस कोठे हसतो आणि कोठे गोंधळतो, हे भिंत सांगत नाही.

आपल्याकडे पर्युषणातील वा शाळेतील वक्तृत्वस्पर्धेची तयारी पुष्कळदा उलट दिशेने होते. वडीलधारी माणसे भाषण लिहून देतात, आरंभी एक सुभाषित घालतात आणि मूल ते मुखोद्गत करते. एक शब्द निसटला की पुढचे सारेच निसटते, आणि आईचे ओठ पहिल्या रांगेत हलू लागतात. रिचर्डला शब्द आठवले नसते, तरी आगीनंतर बुजगावणे आणि बुजगावण्यानंतर विजेरी हा क्रम तो विसरणे शक्य नव्हते. त्या रात्री त्यानेच काढल्या होत्या.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तेरा वर्षांचा रिचर्ड लाँग बीच येथील मंचावर उभा राहिला. आपण कोठे राहतो, हे सांगून त्याने आरंभ केला. मागे पडद्यावर वडिलांची गुरे होती. भीती चेहऱ्यावर दिसत होती. बुजगावण्याची फजिती त्याने लपवली नाही, आणि सभा तेथे हसली. पूर्वी सिंहांचा द्वेष वाटे, आता गुरेही वाचतात आणि सिंहही, हे त्याने साध्या शब्दांत सांगितले. गवताळ रानात गुरे राखताना डोक्यावरून जाणारी विमाने पाहणारा हा मुलगा त्या सभेसाठीच प्रथम विमानात बसला होता. भाषण संपताच श्रोते उभे राहिले.

त्यानंतर अँडरसन यांनी पुढचा बेत विचारला. विजेचे कुंपण करायचे आहे, असे तो म्हणाला. ते आधीच शोधले गेले आहे हे ठाऊक आहे, पण आपले स्वतःचे करायचे आहे. एकदा करूनही पाहिले होते. झटका बसला, म्हणून थांबवले.