मुराकबा : मन शांत होण्याच्या पुढची वाट

'मेडिटेशन' हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. कॉलेजात जाणारी मुले मोबाईलवर त्याचे ॲप घेतात. डॉक्टर रक्तदाबाच्या रुग्णाला रोज थोडा वेळ डोळे मिटून स्वस्थ बसायला सांगतात. अशा वेळी घरातील मुलगा किंवा मुलगी सहज विचारते, "अम्मी, आपल्या दीनमध्ये असे काही आहे का?" या प्रश्नाला नुसते 'हो, आहे' म्हणून भागत नाही. काय आहे, कशासाठी आहे आणि आपल्या धावपळीच्या घरात ते कसे करायचे, हे सांगता आले पाहिजे.

तीन शब्द, एक वाट

आपल्याकडे यासाठी एक नव्हे, तीन शब्द आहेत. पहिला 'जिक्र', म्हणजे अल्लाहचे स्मरण, जिभेने आणि मनाने. दुसरा 'तफक्कुर', म्हणजे अल्लाहच्या निर्मितीवर आणि स्वतःच्या जीवनावर खोल विचार करणे. तिसरा 'मुराकबा'. हा शब्द 'रकीब' या शब्दाच्या कुळातला आहे. अर-रकीब, म्हणजे सदैव लक्ष ठेवणारा, हे अल्लाहच्या नावांपैकी एक नाव. सूरह निसाच्या पहिल्याच आयतीच्या शेवटी ते आले आहे. अल्लाह मला पाहत आहे ही जाणीव मनात जागी ठेवणे आणि त्या जाणिवेने स्वतःच्या मनावर पहारा देणे, हा मुराकबा.

सूरह आले इम्रानमध्ये (आयत 190-191) बुद्धिमान लोकांचे वर्णन आहे. ते उभे असताना, बसलेले असताना आणि आडवे झालेले असतानाही अल्लाहचे स्मरण करतात आणि आकाश व पृथ्वीच्या निर्मितीवर चिंतन करतात. येथे जिक्र आणि फिक्र जोडीने आले आहेत. विचाराविना स्मरण केवळ जिभेची सवय होऊन बसते आणि स्मरणाविना विचार कोरडा राहतो.

उद्दिष्ट काय?

अल्लाहच्या स्मरणाने अंतःकरणांना समाधान लाभते, हे सूरह रअदमध्ये (आयत 28) सांगितले आहे आणि ते आपल्या सर्वांच्या ओठांवर असते. पण सूरह अन्फालची दुसरी आयतही वाचली पाहिजे. अल्लाहचे नाव घेतले जाताच ईमानवंतांची अंतःकरणे थरारतात, असे तेथे म्हटले आहे. समाधान आणि थरार ही दोन्ही एकाच स्मरणाची फळे आहेत. केवळ ताण घालवणे हा हेतू असता, तर थरार कोणाला हवा होता? तापात कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसा आपण अनेकदा जिक्रचा उपयोग करतो. ताप उतरला की पट्टी बाजूला. मनःशांती ही अल्लाहची देणगी आहे, ती जरूर घ्यावी, पण दाराशी मिळालेली देणगी घेऊन तेथूनच परतू नये.

मग आत काय आहे? सहीह मुस्लिममधील 'हदीसे जिब्रील' त्याचे उत्तर देते. हजरत जिब्रील (अ.स.) यांनी 'एहसान' म्हणजे काय असे विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, की अल्लाहची उपासना अशी करावी जणू आपण त्याला पाहत आहोत, आणि तेवढे साधत नसेल, तर तो आपल्याला पाहत आहे हे तरी ध्यानी असावे. सगळ्या मुराकब्याचे सार यात आले. डोळे मिटून शून्यात जाणे हा हेतू नाही. जो शहारगेहूनही जवळ आहे, त्याच्यासमोर जागेपणाने उभे राहणे हा हेतू आहे.

सूरह हश्रमध्ये (आयत 19) एक इशारा दिला आहे. ज्यांनी अल्लाहला विसरून टाकले, त्यांना अल्लाहने स्वतःचाच विसर पाडला. माणूस दिवसभर दुकान, फोन, मुलांची फी, नातेवाइकांचे रुसवेफुगवे यांत इतका बुडतो, की मी कोण आणि कुठे निघालो आहे, हेच तो विसरतो. अल्लाहचे स्मरण म्हणजे या विसरातून बाहेर येणे. म्हणूनच नमाज कशासाठी कायम करावी, याचे कारण सूरह ताहामध्ये (आयत 14) अल्लाहने 'माझ्या स्मरणासाठी' असेच सांगितले आहे. पाच वेळची नमाज हा आपला पहिला मुराकबा. ती घाईने उरकून वेगळ्या ध्यानाचा शोध घेणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकरची वाट पाहण्यासारखे आहे.

हिरा गुहेतून घराकडे

वहीच्या आधी प्रेषित मुहम्मद (स.) मक्केजवळच्या जबले-नूरवरील हिरा गुहेत एकांतात जात. सोबत शिदोरी नेत, ती संपली की हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडे परत येत आणि पुन्हा जात. तेथेच इसवी सन 610 मध्ये पहिली वही आली. मात्र त्यानंतर आप (स.) गुहेत राहिले नाहीत. पुढची सुमारे 23 वर्षे घर, मस्जिद, बाजार आणि रणांगण यांत गेली. एकांत सुटला नाही, पण तो तहज्जुदच्या नमाजेत आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांच्या एतिकाफमध्ये आला. एकांतातून माणसांकडे परतण्याचे बळ मिळावे, हा या वाटेचा स्वभाव आहे.

घर विसरायला लावणारी भक्ती इस्लामला मान्य नाही. हजरत सलमान फारसी (रजि.) एकदा आपले दीनी बंधू हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीची अवस्था पाहून त्यांनी कारण विचारले. तेव्हा कळले, की त्यांचे पती दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांतच मग्न असतात. सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने जेवायला लावले आणि रात्री झोपायला लावले. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. मग त्यांनी समजावले, की पालनकर्त्याचा हक्क आहे तसा स्वतःच्या देहाचा आणि घरच्यांचाही हक्क आहे. हे प्रेषितांच्या (स.) कानी गेले, तेव्हा सलमान खरे बोलले, असा निर्वाळा त्यांनी दिला. सहीह बुखारीतील हा प्रसंग प्रत्येक घरात सांगावा असा आहे.

मन टिकत नाही, तेव्हा

'बसते, पण लक्ष लागत नाही' ही तक्रार आपल्या घरांत नेहमी ऐकू येते. सहाबांनाही ही चिंता होती. हजरत हनजला (रजि.) यांना वाटले, की आपण मुनाफिक झालो. प्रेषितांच्या (स.) सोबत असताना जन्नत आणि जहन्नम डोळ्यांपुढे उभी राहते, पण बायकामुलांत आणि कामधंद्यात परतताच विसर पडतो. हजरत अबू बक्र (रजि.) यांनीही आपली स्थिती तशीच असल्याचे सांगितले. दोघे प्रेषितांकडे (स.) गेले. आप (स.) यांनी त्यांना रागावले नाही. तीच अवस्था कायम राहिली असती, तर फरिश्त्यांनी तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, पण माणसाच्या मनाला अशा वेळाही असतात आणि तशाही, असा दिलासा दिला. मन भरकटणे हा गुन्हा नाही. भरकटल्याचे लक्षात येताच त्याला परत आणणे हाच सराव आहे.

स्वतःचा रोजमेळ

इमाम गझाली (रह.) बगदादच्या निजामिया मदरशातील नामांकित अध्यापक होते. 1095 मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि दमास्कस व जेरुसलेमकडे निघून गेले. त्यांच्या 'इह्या उलूमिद्दीन' या 40 भागांच्या ग्रंथात मुराकबा व मुहासबा यांवर एक आणि तफक्कुरवर एक असे स्वतंत्र भाग आहेत. ते नफ्सला, म्हणजे आपल्या मनाला, धंद्यातल्या भागीदाराची उपमा देतात. भांडवल आहे आयुष्य. सकाळी भागीदाराशी अट ठरवायची, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची आणि रात्री हिशेब घ्यायचा. आपल्या दुकानदार बांधवांना हे वेगळे समजवायला नको. गल्ला मोजल्याशिवाय जो शटर ओढत नाही, त्याने दिवस मोजल्याशिवाय डोळे का मिटावेत?

ज्याची त्याची पद्धत

*पहाटे :* फज्रनंतर मोबाईल हाती घेण्याआधी दहा मिनिटे मुसल्ल्यावरच बसावे. कुरआनची एकच आयत अर्थासह वाचून तिच्यावर थांबावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा एकच आयत पुन्हा पुन्हा म्हणत रात्र घालवल्याची हदीस आहे. किती पाने झाली, याची घाई येथे नसावी.

*कामात :* सूरह नूरमध्ये (आयत 37) अशा लोकांची प्रशंसा आहे, ज्यांना व्यापार अल्लाहच्या स्मरणापासून दूर नेत नाही. एसटीत, लोकलमध्ये, भाकरी थापताना 'सुब्हानल्लाह', 'अस्तग्फिरुल्लाह' मनातल्या मनात चालू राहू शकते. सूरह आराफमध्ये (आयत 205) नम्रतेने आणि आवाज न चढवता स्मरण करण्याची शिकवण आहे. नक्शबंदी बुजुर्ग याला 'खिलवत दर अंजुमन', म्हणजे माणसांच्या मेळ्यातला एकांत म्हणत. औरंगाबादच्या पाणचक्कीजवळ विसावलेले बाबा शाह मुसाफिर (रह.) याच परंपरेतले. सूफी सिलसिल्यांनी पुढे बांधलेल्या काही पद्धतींबद्दल उलेमांत मतभेद आहेत. त्यामुळे कुरआन आणि सुन्नतने सिद्ध असलेले आधी धरावे. तेवढेही आयुष्यभर पुरेल.

*झोपताना :* जाते दळून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना घट्टे पडले होते. त्यांनी वडिलांकडे नोकर मागितला. आप (स.) रात्री त्यांच्या घरी आले आणि नोकरापेक्षा चांगली गोष्ट म्हणून झोपताना 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणायला शिकवले. जाते तेच राहिले, पण ते ओढणाऱ्या मनाला आधार मिळाला. हजरत अली (रजि.) यांनी सिफ्फीनच्या रात्रीही हा पाठ सोडला नाही. या तस्बीहनंतर दोनच प्रश्न स्वतःला विचारावेत : आज कोणाचे मन दुखावले? उद्या ते कसे भरून काढू?

एक गोष्ट स्पष्ट असावी. महिनोन्महिने झोप उडाली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर जिक्रसोबत डॉक्टरकडेही जावे. इलाज करून घेणे ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अशा माणसाला 'तुझे ईमान कच्चे' म्हणणे हा जुलूम आहे.

कसोटी

आपला मुराकबा खरा की नुसती सवय, हे मुसल्ल्यावर कळत नाही. ते सून चहा सांडते तेव्हा, गिऱ्हाईक चुकून जास्त पैसे देते तेव्हा आणि भावाशी जमिनीचा वाद निघतो तेव्हा कळते. त्या क्षणी 'तो पाहत आहे' हे आठवले आणि जीभ आवरली, हात थांबला, तर ती सकाळची दहा मिनिटे सार्थकी लागली. आणि आठवले नाही, तर उद्याची फज्र आहेच. अल्लाह आपल्या सर्वांना त्याच्या स्मरणात जागे ठेवो. आमीन.